आधी मास्क, मग विचार

रबाळ्याला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की खाडी ओलांडून मुंबई विमानतळावर उतरायला निघालेली विमाने दिसतात. अशाच एका संध्याकाळी येथील एका शाळेत विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. विषय होता वातावरणाचा दाब. बोलणे संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, विमानात सांगतात की आधी स्वतःचा मास्क लावा आणि मग शेजारच्या मुलाला लावा. असं उलटं का? आई तर आधी मुलालाच लावील ना?"

तिच्या वर्गशिक्षिकांनी लगेच उत्तर दिले, "अगं, आईच बेशुद्ध पडली तर मुलाला मास्क कोण लावणार?" उत्तर अगदी बरोबर होते. पण मुलगी खाली बसली नाही. ती म्हणाली, "पण बाई, आपण बेशुद्ध होत चाललो हे आईला कळेलच की. तेव्हा लावील ती."

खरी मेख या दुसऱ्या प्रश्नात आहे. 'कळेलच की' ही समजूत फार स्वाभाविक आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची आणि हजारो तास उड्डाण केलेल्या वैमानिकांचीही तीच होती. ती चुकीची आहे हे समजून घ्यायला आणि त्यावर नियम बांधायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि पुष्कळ माणसे गेली. त्या मुलीला आम्ही त्या दिवशी थोडक्यात सांगितले ते येथे सविस्तर मांडत आहोत.

पाऱ्याची साक्ष

हवेला वजन आहे आणि ती आपल्याला दाबते, हे टोरिचेलीने १६४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवले. पुढे १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने, पेरिए याने, तीच नळी फ्रान्समधल्या प्वी द डोम या डोंगरावर नेली. डोंगर चढावा तसा पारा खाली उतरला. उंचीवर आपल्या डोक्यावरची हवा कमी असते, म्हणून दाबही कमी, हे त्यातून सिद्ध झाले.

हा प्रयोग आपल्या प्रदेशात करायचा ठरवला तर काय दिसेल? रबाळे जवळजवळ समुद्रसपाटीवर. येथे पारा सुमारे ७६० मिलिमीटरवर उभा राहील. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. तेथे तो ६२० च्या आसपास येईल. साडेपाच हजार मीटरवर दाब निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश, आणि प्रवासी विमाने जेथून उडतात त्या ३५,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १०,७०० मीटरवर, जेमतेम एक चतुर्थांश.

येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज हमखास होतो. 'वर ऑक्सिजन कमी असतो' असे आपण म्हणतो, तेव्हा हवेतले त्याचे प्रमाण घटते असे त्यांना वाटते. प्रमाण तेच राहते. रबाळ्याला २१ टक्के, तसे ३५,००० फुटांवरही २१ टक्के. घटतो तो एकूण हवेचा दाब, आणि त्याबरोबर ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब. रबाळ्याला हा वाटा ७६० पैकी सुमारे १६० मिलिमीटर असतो. ३५,००० फुटांवर तो ४० च्याही खाली जातो. फुप्फुसात पोचेपर्यंत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आपली जागा घेतात, त्यामुळे तो आणखी उतरतो.

वायू नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. शरीराला ऑक्सिजन देऊन फुप्फुसात परत आलेल्या रक्तातही सुमारे ४० मिलिमीटर दाबाचा ऑक्सिजन शिल्लक असतो. ३५,००० फुटांवर फुप्फुसातली हवा याहून 'गरीब' असते. म्हणून तेथे घेतलेला प्रत्येक श्वास रक्ताला ऑक्सिजन देण्याऐवजी रक्तातून काढून घेतो. श्वास रोखून धरावा तसे हे नाही. हे त्याहून वाईट आहे. पाण्याखाली मिनिटभर दम धरणारा माणूस येथे अर्ध्या ते एका मिनिटात निकामी का होतो, त्याचे कारण हे आहे.

बलूनमधले शास्त्रज्ञ

डोंगर चढणाऱ्याला उंची हळूहळू भेटते. माणूस झपाट्याने वर जाऊ लागला तो बलूनमुळे. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये ग्रिनिच वेधशाळेचा हवामानशास्त्रज्ञ जेम्स ग्लेशर आणि बलूनचालक हेन्री कॉक्सवेल हे दोघे उपकरणे घेऊन वर गेले. सुमारे ८,८०० मीटरवर ग्लेशरने दाबमापकाची शेवटची नोंद केली. मग टेबलावर ठेवलेला हात त्याला उचलता येईना. मान सावरेना. डोळ्यांपुढे अंधार आला आणि शुद्ध गेली. कॉक्सवेल गुंतलेली झडपेची दोरी सोडवायला वर चढला होता. त्याचे हात गारठून निर्जीव झाले होते. त्याने दोरी दातांत धरून ओढली, गॅस सुटला आणि बलून खाली येऊ लागले. शुद्धीवर येताच ग्लेशरने पेन्सिल उचलून नोंदी पुढे सुरू केल्या!

उंचीवर नेमके काय होते, हे प्रयोगाने उलगडले ते फ्रान्सच्या पॉल बेर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. त्याने हवा काढून घेता येईल अशी लोखंडी कोठी बांधली आणि आधी प्राणी, मग स्वतः तिच्यात बसला. त्याचे निष्कर्ष १८७८ साली ग्रंथरूपाने आले. हवेचा दाब कमी होण्याने जे दुखणे होते ते मुख्यतः ऑक्सिजनचा दाब घटल्याने होते, आणि शुद्ध ऑक्सिजन हुंगला की ते दूर होते, असे त्याने दाखवले.

१८७४ साली क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोन बलूनवीर बेरच्या कोठीत बसले. ऑक्सिजनचा गुण त्यांनी स्वतः अनुभवला आणि त्याच वर्षी तो बरोबर घेऊन ते ७,००० मीटरच्या वर जाऊन सुखरूप परतले. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १८७५ रोजी, 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून ते पुन्हा निघाले. सोबत गास्ताँ तिसांदिए होता. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या डोक्यावर टांगलेल्या होत्या. साठा पुरेसा नाही असा इशारा बेरने पत्राने दिला होता, पण तो उपयोगी पडला नाही. साठा थोडा म्हणून तिघांनी तो जपून, खरी गरज लागेल तेव्हाच वापरायचे ठरवले.

हाच निर्णय घातक ठरला. साडेसात हजार मीटरच्या आसपास तिसांदिएला नळी तोंडाशी घ्यावीशी वाटली, पण हात उठेना. आठ हजार मीटर गाठल्याचे सोबत्यांना सांगावेसे वाटले, तर जीभ वळेना. पुढे लिहिलेल्या वृत्तांतात त्याने एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. त्या वेळी त्याला कसलाही त्रास होत नव्हता. उलट आतून एक प्रकारचा आनंद वाटत होता. बलून ८,६०० मीटरपर्यंत जाऊन खाली आले तेव्हा तिसांदिए जिवंत होता, पण त्याची श्रवणशक्ती गेली होती. त्याचे दोन्ही सोबती मरण पावले होते. ऑक्सिजनच्या पिशव्या मात्र डोक्यावर तशाच लोंबत होत्या.

'खरी गरज लागेल तेव्हा' हे शब्द ध्यानात ठेवावेत. गरज लागली हे ओळखणारा मेंदूच सर्वांत आधी मंदावतो, हे त्या तिघांना ठाऊक नव्हते.

कळत का नाही?

गुदमरल्याची भावना आपल्याला कशामुळे होते? आपण सहज म्हणू, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. प्रत्यक्षात ती बहुतांशी रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. उशीखाली तोंड दाबले गेले की तो बाहेर पडत नाही आणि जीव कासावीस होतो. विरळ हवेत श्वासोच्छ्वास चालूच असतो, कार्बन डायऑक्साइड बिनबोभाट बाहेर पडतो. त्यामुळे धोक्याची घंटा नीट वाजतच नाही.

२०२०-२१ च्या साथीत ऑक्सिमीटर घरोघर आला, तेव्हा याच्याशी जुळणारा अनुभव अनेकांनी घेतला. बोटावरचा आकडा चिंताजनक खाली गेलेला, आणि रुग्ण मात्र 'मला काही होत नाही' म्हणत गप्पा मारतो आहे, असे प्रकार डॉक्टरांनी नोंदवले.

वैमानिकांना हा धडा पुस्तकातून पटत नाही, म्हणून तो अंगावर घेऊन शिकवतात. भारतीय वायुसेनेने १९५७ साली बंगळूरला विमानवैद्यकाची संस्था सुरू केली. तेथे बेरच्या कोठीची आधुनिक बहीण आहे. अशा कोठीत शिकाऊ वैमानिकांना बसवून दाब उतरवतात, मास्क काढायला लावतात आणि साधी वजाबाकी लिहीत राहायला सांगतात. २५,००० फुटांच्या दाबाला तीन ते पाच मिनिटांत अक्षर वाकडे होते, मग आकडे चुकतात, मग पेन्सिल नुसतीच फिरत राहते. मास्क लावून शुद्ध आली की आपलाच कागद पाहून माणूस चकित होतो, कारण आपले गणित उत्तम चालले आहे अशीच त्याची खात्री असते.

माणूस स्वतःसाठी काही करू शकेल अशा या अवधीला 'कामाची शुद्ध' म्हणू. ती २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटे, ३०,००० फुटांवर एक ते दोन मिनिटे, ३५,००० फुटांवर अर्धे ते एक मिनिट आणि ४०,००० फुटांवर पंधरा-वीस सेकंद टिकते. दाब एकाएकी गेला तर ती आणखी घटते. एव्हरेस्टवर काही जण ऑक्सिजनविना जाऊन आले ते कसे, असे विद्यार्थी विचारतील. ते आठवडेच्या आठवडे उंचीवर राहून शरीराला सरावतात. खुर्चीत बसलेल्या वैमानिकाला ती सवलत नाही.

उंची सोबत नेणारी खोली

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून. असली विमाने फार उंच जात नसत, त्यामुळे ऑक्सिजनचा प्रश्न नव्हता. पण उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाला अडथळा कमी, वादळेही बरीचशी खाली राहतात. इंजिने सुधारली तशी वर जाण्याची ओढ वाढली. वैमानिकांसाठी १९३८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बूथबी, लव्हलेस आणि बुलबुलियन या तिघांनी चांगला मास्क तयार केला. पण प्रवाशांनी तासन्‌तास मास्क लावून बसणे व्यवहार्य नव्हते. त्यावर तोड निघाली ती अशी, की जमिनीजवळचा दाबच खोलीत भरून वर न्यायचा. दाबयुक्त केबिनचे पहिले प्रवासी विमान, बोइंग ३०७, १९४० साली सेवेत आले. मुंबईने हे युग पाहिले ते ८ जून १९४८ रोजी. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे दाबयुक्त केबिनचे कॉन्स्टेलेशन विमान कैरो, जिनीव्हामार्गे लंडनला निघाले.

आजच्या बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या आतील पंख्यांनी दाबलेल्या हवेचा थोडा भाग बाजूला काढून, थंड करून, केबिनमध्ये सोडतात. या काढून घेतलेल्या हवेला 'ब्लीड एअर' म्हणतात. शेपटीजवळच्या झडपेतून हवा मोजकीच बाहेर जाऊ देतात. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांचा मेळ घालून दाब राखला जातो. मात्र जमिनीवरचा पूर्ण दाब राखणे विमानाच्या पत्र्याला झेपणारे नाही. म्हणून केबिनमध्ये साधारण ८,००० फुटांवरचा, म्हणजे २,४४० मीटरवरचा दाब चालवून घेतात. मुंबईहून उडालेला प्रवासी खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्या दीडपट उंचीवर असतो! या दाबालाच वैमानिक 'केबिनची उंची' म्हणतात. विमान ३७,००० फुटांवर आणि केबिन ८,००० फुटांवर असताना विमानाच्या अंगावर आतून बाहेर दर चौरस मीटरला पाच टनांहून अधिक रेटा असतो. प्रत्येक उड्डाणात तो चढतो आणि उतरतो. १९५४ साली ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. धातूला याच चढ-उताराने आलेला थकवा त्याला कारण होता.

पत्रा फाटणे भयंकर खरे, पण ते कोणाच्याही लक्षात येते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ चे छप्पर २४,००० फुटांवर उडाले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी तत्काळ मास्क लावले, विमान वेगाने खाली आणले आणि सारे प्रवासी वाचवले. चोरपावलांनी येणारा धोका याहून अधिक फसवा असतो.

भोंगा वाजला, अर्थ लागला नाही

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाका येथून हेलिऑस कंपनीचे बोइंग ७३७ अथेन्सला निघाले. आदल्या रात्री दाबयंत्रणेची तपासणी करताना तिचा निवडखटका 'स्वयंचलित'वरून 'हस्तचलित'वर नेला होता, तो तसाच राहिला. उड्डाणापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणीतही तो सुटला. विमान चढू लागले, केबिनमध्ये दाब राहीना. विमान बारा हजार फुटांवर गेले आणि भोंगा वाजला.

या विमानात तोच भोंगा आणखी एका कामासाठी होता. जमिनीवर असताना उड्डाणाची मांडणी चुकली असेल तर तोच वाजे. वैमानिकांना हा दुसरा इशारा वाटला. मास्क लावायचे सोडून ते कारण शोधत बसले. जमिनीवरच्या अभियंत्याशी रेडिओवर बोलत राहिले. मागे प्रवाशांचे मास्क खाली आले, विमान चढतच राहिले आणि काही मिनिटांत वैमानिकांचे बोलणे थांबले. स्वयंचलित यंत्रणेने विमान ३४,००० फुटांवर नेले आणि अथेन्सजवळ ते घिरट्या घालू लागले. पाहायला आलेल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना सहवैमानिक खुर्चीत कोसळलेला दिसला. हातऑक्सिजनवर शुद्धीत राहिलेला एक केबिन कर्मचारी शेवटी कॉकपिटमध्ये पोचला, पण इंधन संपत आले होते. विमानातील सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांचे मास्क त्यांच्या खुर्च्यांशेजारीच होते. 'झेनिथ'च्या पिशव्यांची आठवण व्हावी असेच हे आहे.

याआधी २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत एक लिअरजेट असेच निःशब्द उडत राहून इंधन संपल्यावर कोसळले होते. प्रसिद्ध गोल्फपटू पेन स्ट्युअर्टसह सहा जण त्यात गेले. त्या चौकशीनंतर अमेरिकन तपास मंडळाने आग्रह धरला, की केबिनच्या उंचीचा इशारा मिळताच मास्क लावणे ही पहिली आणि तत्काळ कृती असली पाहिजे, आणि विमानाच्या पुस्तिकेत ती स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. आधी कारण शोधा आणि मग वाटल्यास मास्क लावा, हा क्रम उलटा आहे.

मुंबई, २० सप्टेंबर २०१८

हा विषय आपल्या दारात आला तो या दिवशी. सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये १६६ प्रवासी आणि पाच कर्मचारी होते. चढताना केबिनमध्ये दाब राहीना, प्रवाशांचे मास्क खाली आले, आणि तीसएक प्रवाशांच्या नाकातून, काहींच्या कानांतून रक्त आले. विमान माघारी वळून मुंबईला उतरले. सर्व जण वाचले. ब्लीड एअरचा खटका चालू करायचे राहून गेले होते, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. इंजिने दाबलेली हवा तयार करत होती, पण ती केबिनपर्यंत पोचण्याची वाट बंद होती.

नाकातून रक्त आले ते ऑक्सिजन कमी पडल्याने, असे पुष्कळांना वाटले. तसे नाही. येथे १६६२ सालचा बॉइलचा नियम कामाला येतो. दाब कमी झाला की तेवढ्याच हवेचे आकारमान वाढते. कपाळाच्या आणि गालाच्या हाडांतील पोकळ्यांत, तसेच कानाच्या पडद्यामागे हवा असते. प्रवाशांचे मास्क साधारणपणे केबिनची उंची १४,००० फुटांवर गेली की आपोआप पडतात. त्या उंचीवर पारा ४५० च्या आसपास असतो. ७६० ला ४५० ने भागले तर सुमारे १.७ येते. म्हणजे पोकळीतली हवा पावणेदोनपटीच्या जवळ फुगू पाहते. वाट मोकळी असेल तर ती निसटते. सर्दीने वाट बुजलेली असेल तर नाजूक त्वचा आणि केशवाहिन्या फाटतात. दाब घटण्याने शरीराला दोन वेगळ्या इजा होतात, एक बॉइलची आणि दुसरी बेरची. पहिली दुखते, म्हणून कळते. दुसरी दुखत नाही आणि जीव घेते.

लार्नाका आणि मुंबई येथे सुरुवात सारखीच झाली. एक खटका नको त्या स्थितीत राहिला. एके ठिकाणी विमान चढत राहिले, दुसऱ्या ठिकाणी ते वेळेवर खाली आणून परत फिरवले गेले. माणसाच्या हातून खटका राहणारच, असे धरून चालावे लागते. नियम आहे तो राहिलेला खटका प्राणावर बेतू नये यासाठी.

वैमानिक काय करतो

केबिनची उंची साधारण १०,००० फुटांच्या वर गेली की कॉकपिटमध्ये इशारा होतो. त्यानंतरच्या पहिल्या कृती वैमानिकाला पुस्तक न उघडता, पाठ असाव्या लागतात.

पहिली, दोघांनीही मास्क लावणे. हा मास्क खुर्चीशेजारच्या पेटीत असतो. लाल कळ दाबत तो एका हाताने ओढला की त्याचे पट्टे हवेने फुगतात. डोक्यावरून घालून कळ सोडली की ते आवळून बसतात. एका हाताने, पाच सेकंदांत तो लावता आला पाहिजे असा दंडक आहे. दुसरा हात विमानासाठी मोकळा हवा. मास्क शंभर टक्के ऑक्सिजनवर ठेवतात, म्हणजे केबिनची हवा त्यात मिसळत नाही.

दुसरी, एकमेकांशी बोलणे जोडणे. मास्कमध्येच ध्वनिग्राहक असतो, त्याकडे खटका वळवावा लागतो. आपला सोबती शुद्धीत आहे, याची खात्री त्याच्या आवाजानेच होते.

तिसरी, दाब हाताने सावरण्याचा प्रयत्न करणे. बाहेर जाणाऱ्या हवेची झडप बंद करून केबिन आवरते का, हे पाहतात. मास्क लावल्याशिवाय या पायरीकडे वळायचे नाही. हेलिऑसच्या वैमानिकांचे चुकले ते नेमके येथे.

चौथी, दाब सावरत नसेल तर प्रवाशांचे मास्क सोडून खाली उतरणे. इंजिनांचा जोर काढून, पंखांवरच्या वेगरोधक पट्ट्या उघडून विमान १०,००० फुटांपर्यंत किंवा तेथल्या डोंगरांवरच्या सुरक्षित उंचीपर्यंत आणतात आणि नियंत्रण कक्षाला कळवतात. महाराष्ट्रावर हे सोपे आहे, कारण कळसूबाईही ५,४०० फुटांचीच. लेहला जाताना मात्र खाली हिमालय असतो, सरळ खाली येता येत नाही. म्हणून अशा मार्गांवर कोठून कोणत्या खोऱ्याकडे वळायचे, हे आधीच ठरवून ठेवतात.

हा क्रम कृत्रिम कॉकपिटमध्ये ठराविक मुदतीने पुन्हा पुन्हा गिरवला जातो. त्यामागचा हेतू इतकाच, की बुद्धी मंद होण्याआधी हाताने काम उरकलेले असावे.

डोक्यावरची रसायनशाळा

बहुतेक विमानांत प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनच्या टाक्या नसतात, तर सोडिअम क्लोरेट आणि थोडे लोहचूर्ण भरलेली डबी असते. मास्क आपल्याकडे ओढला की तिची खीळ निघते, ठिणगी पडते, क्लोरेट तापून त्याचे मीठ आणि ऑक्सिजन होतो. शाळेत पोटॅशिअम क्लोरेट तापवून आपण ऑक्सिजन करतो, त्याचाच हा भाऊ. 'मास्क ओढून घ्या' असे सांगतात ते उगीच नव्हे; ओढला नाही तर वायू तयारच होत नाही. मास्कची पिशवी फुगली नाही तरी घाबरू नये, ऑक्सिजन येतच असतो. एकदा पेटलेली डबी विझवता येत नाही आणि ती चांगलीच तापते. ११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात मालाच्या कप्प्यातून नेलेल्या अशाच डब्यांमुळे आग लागून एका विमानातील ११० जण गेले. डबी साधारण १२ ते १५ मिनिटे चालते. वैमानिकाला खाली यायला तेवढा वेळ पुरतो.

वर्गासाठी

सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीत किंचित फुगवलेला इवलासा फुगा ठेवावा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढावा. फुगा फुगतो. कपाळातल्या पोकळीतली हवा हेच करते. माथेरान किंवा महाबळेश्वरच्या सहलीला वेफरचे बंद पाकीट न्यावे आणि पायथ्याशी व वर त्याचे छायाचित्र घ्यावे. रबाळ्याला भरलेले पाकीट कळसूबाईवर किती फुगेल, हे गणित मुलांना द्यावे. पाकीट ताणले जाते असे धरले तर उत्तर सुमारे सव्वापट येईल. मात्र श्वास रोखणे, पिशवीत श्वास घेणे असले प्रयोग कोणालाही करू देऊ नयेत. या लेखाचा सारा इतिहास तेच सांगतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. आईला कळेल का? नाही कळणार. तिला बरे वाटत राहील, आपण मुलाला मास्क लावतोच आहोत असेही वाटेल, आणि हात उठणार नाही. आधी स्वतःचा मास्क, यात स्वार्थ नाही. बुद्धी आपल्याला वेळेवर सावध करील हा भरवसा येथे चालत नाही, एवढी नम्रता त्या नियमात आहे. रबाळ्याच्या त्या वर्गात आम्ही हे सांगितल्यावर मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे विचार करायचाच नाही?"

करायचा, पण तो आज, जमिनीवर, ७६० मिलिमीटर दाबाला, वर्गात बसून. म्हणूनच हा प्रश्न शाळेत विचारला गेला याचे आम्हांला समाधान वाटते.